धातुशोधकाचा कान

भूमीच्या पोटात दडलेले धन आपल्याला दिसावे, ही माणसाची इच्छा फार जुनी आहे. पायाळू जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की पुरलेले हंडे त्याला लख्ख दिसू लागतात, अशी समजूत महाराष्ट्रातल्या गावोगावी होती. विज्ञानाने असे अंजन शोधले खरे, परंतु ते डोळ्यांसाठी नव्हते, कानांसाठी होते. धातुशोधक यंत्र जमिनीखालचे काही दाखवीत नाही. ते फक्त ऐकते आणि ऐकवते. या यंत्राचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. धातूचा आवाज ऐकणे त्या मानाने लवकर साधले. जे ऐकावयाचे नाही ते वगळणे मात्र फार कठीण ठरले. आज छंद म्हणून हे यंत्र बाळगणारे लोक 'एका कंप्रतेचे यंत्र घ्यावे की अनेक कंप्रतांचे?' असा वाद घालतात, तेव्हा ते नकळत याच जुन्या अडचणीविषयी बोलत असतात.

यंत्राचे मूळ तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचे आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट दिशांनी प्रवाह वाहू लागला म्हणजे त्याच्याभोवती तसेच उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात एखादे नाणे आले, तर नाण्याच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात. या भोवऱ्यांचे स्वतःचे एक दुबळे क्षेत्र असते आणि ते परत वेटोळ्यापर्यंत पोहोचते. हाच धातूचा प्रतिध्वनी होय. प्रवाह दर सेकंदास किती वेळा उलटसुलट होतो, त्या संख्येला कंप्रता म्हणतात.

१८७९ साली लंडनमध्ये डेव्हिड एडवर्ड ह्यूज याने या तत्त्वावर एक प्रवर्तन-तुला सिद्ध केली. वेटोळ्यांच्या दोन जोड्या एकमेकींविरुद्ध अशा जुळवलेल्या, की कानाशी धरलेल्या टेलिफोनमध्ये पूर्ण शांतता असावी. एका जोडीत नाणे ठेवले की तोल ढळे आणि आवाज उमटे. दुसऱ्या जोडीत तंतोतंत तसेच नाणे ठेवले की पुन्हा शांतता होई. एक नाणे खरे आणि दुसरे खोटे असेल तर मात्र कितीही खटपट केली तरी आवाज पुरता मिटत नसे. सराफाने नाणे दगडावर आपटून त्याचा नाद पारखावा, तशीच ही पारख होती. फक्त येथे नाणे आपटावे लागत नव्हते. धातूंचे केवळ अस्तित्वच नव्हे, तर त्यांचा स्वभावही ऐकू येऊ शकतो, ही मोठी गोष्ट त्या प्रयोगाने सिद्ध केली. परंतु तो प्रयोग टेबलावरचा होता. तेथे माती नव्हती, पाणी नव्हते, गोंगाट नव्हता.

दोनच वर्षांनी हे यंत्र एका मरणोन्मुख माणसाच्या बिछान्याशी आणावे लागले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या. एक गोळी दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत शिरली आणि शरीरात कोठे तरी अडकून राहिली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षांचा अवकाश होता. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये काम करीत होता. त्याने आपला सहकारी समनर टेंटर याच्यासह रात्रंदिवस खपून ह्यूजच्या तुलेत सुधारणा केल्या आणि २६ जुलै रोजी, व पुन्हा १ ऑगस्ट रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या अंगावरून वेटोळी फिरवून पाहिली.

निष्कर्ष निघाला नाही. पहिल्या वेळी जोडणीतील दोषामुळे यंत्र अखंड खरखरत राहिले. दुसऱ्या वेळी आवाज आला, पण तो एका ठिकाणचा नव्हता. बऱ्याच मोठ्या भागावर तो अस्पष्टपणे पसरलेला होता. पुढे चौकशीअंती कळले, की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांनी विणलेली दुसरी गादी होती. त्यातच मुख्य डॉक्टर ब्लिस यांची अशी ठाम समजूत, की गोळी उजव्या बाजूला आहे. म्हणून शोध त्याच बाजूला चालला. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचे निधन झाले. शवचिकित्सेत गोळी मणक्याच्या डाव्या बाजूला सापडली. डॉक्टरांच्या अस्वच्छ बोटांनी आणि हत्यारांनी जखमेत पसरलेला जंतुदोष हेच त्या मृत्यूचे खरे कारण होते, असे आजचे वैद्यक मानते. म्हणून बेलचे यंत्र यशस्वी होते तर अध्यक्ष वाचते, असे म्हणता येत नाही. परंतु यंत्राच्या दृष्टीने त्या खोलीत जे घडले ते अत्यंत बोधप्रद आहे. बेलने विचारले, 'येथे धातू आहे काय?' यंत्राने प्रामाणिकपणे उत्तर दिले, 'आहे.' तो धातू गोळीचा की गादीचा, हे सांगण्याची भाषाच त्या यंत्राजवळ नव्हती.

पुढची पन्नास वर्षे धातुशोधन प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच घुटमळत राहिले. ते मैदानात आले रेडिओच्या पाठोपाठ. जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेला गेर्हार्ड फिशर हा अभियंता विमानांना दिशा दाखविणाऱ्या रेडिओ उपकरणांवर काम करीत होता. काही ठिकाणी ही उपकरणे चुकीची दिशा दाखवीत आणि त्या चुकीचे मूळ आसपासच्या धातूत वा खनिजांत असे. एखाद्याने त्या चुकीला दोष मानून ती झाकली असती. फिशरने तिचेच साधन केले. त्याच्या धातुशोधकाला १९३७ साली अमेरिकेत एकस्व मिळाले. जमिनीखालचे नळ आणि तारा हुडकण्यासाठी त्याची यंत्रे लोक वापरू लागले.

मग युद्ध आले, आणि ज्या धातूचा शोध घ्यावयाचा तो धन राहिला नाही, मृत्यू झाला. सुरुंगशोधक यंत्रे रणांगणावर सर्रास मिळू लागण्यापूर्वी हे काम कसे करावे लागे, याचे एक उदाहरण पुण्याजवळच्या खडकीशी निगडित आहे. तेथे मुख्य केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या प्रारंभी, अ‍ॅबिसिनियाच्या सरहद्दीवर मेतेम्मा जिंकल्यानंतरच्या पाठलागात, सलग चार दिवस सैन्याच्या अग्रभागी राहून ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी करविली. दोनदा त्यांचे वाहन सुरुंगाने उडाले; सोबती मारले गेले वा जायबंदी झाले. स्फोटाने त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली नाकारली. आता आपणच या कामाला अधिक लायक झालो आहोत, असे कारण त्यांनी दिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये, मायभूमीला पारखा झालेला युझेफ कोसाट्स्की हा पोलिश लेफ्टनंट एका काठीला दोन वेटोळी बांधून सुरुंगशोधक यंत्र घडवीत होता. एका वेटोळ्याला ऐकू येणाऱ्या कंप्रतेचा प्रवाह दिलेला, दुसरे प्रवर्धकामार्गे टेलिफोनला जोडलेले. सारे ओझे १४ किलोग्रॅमहून किंचित कमी. एका सैनिकाने पाठीवर घेऊन चालावे इतके. ऑक्टोबर १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात रोमेलने पेरलेल्या लाखो सुरुंगांतून वाट काढताना अशी ५०० यंत्रे वापरली गेली आणि सफाईचा वेग दुपटीने वाढून ताशी सुमारे २०० मीटरपर्यंत गेला, असे सांगतात. कोसाट्स्कीने आपल्या शोधाचे एकस्व घेतले नाही. तो सैन्याला देऊन टाकला. कुटुंब शत्रूव्याप्त पोलंडात असल्याने युद्ध संपेपर्यंत त्याचे नावही गुप्त ठेवावे लागले. शत्रूनेही या कानाला उत्तर शोधलेच. लाकडाच्या पेटीतले, काचेचे, नावाला धातू असलेले सुरुंग निघाले. तेव्हा अगदी बारीक प्रतिध्वनी ऐकण्याची गरज निर्माण झाली; आणि कान जितका तीक्ष्ण करावा तितका जमिनीचा स्वतःचा गोंगाटही मोठा होतो, हे सैनिकांच्या अनुभवास आले.

युद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेली सुरुंगशोधक यंत्रे बाजारात आली आणि अमेरिकेत व ब्रिटनमध्ये नाणी, अंगठ्या, जुनी बटणे हुडकण्याचा एक नवा छंद उदयास आला. ट्रान्झिस्टरने यंत्र हलके आणि स्वस्त केले. त्या काळची पुष्कळशी यंत्रे विस्पंदाच्या तत्त्वावर चालत. मध्यम लहरींवर दोन केंद्रे जवळजवळ आली म्हणजे रेडिओतून जी शिटी ऐकू येते, तीच ही गोष्ट. धातू जवळ आला की शिटीचा सूर बदले. पण मातीतल्या लोहखनिजांनीही तो बदले. १९७० च्या दशकात अतिनीच कंप्रतेची, म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यातली यंत्रे रूढ झाली आणि त्यांनी एक मोठी पायरी ओलांडली. प्रतिध्वनी किती मोठा आहे, एवढेच ती मोजत नव्हती. तो किती उशिरा येतो, हेही मोजत होती.

या विलंबात सारे मर्म आहे. लोहखनिजयुक्त माती चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ तत्क्षणी उत्तर देते. धातूतल्या भोवऱ्यांना मात्र उमटावयास आणि विरावयास वेळ लागतो. पातळ पत्र्याला थोडा, चांदीच्या जाड रुपयाला अधिक. यंत्राला सांगता येते, की 'तत्क्षणी येणारे उत्तर ऐकू नकोस, विलंबाने येणारे तेवढे ऐक.' यालाच भूमीशी तोल साधणे म्हणतात. बेलच्या यंत्राजवळ जी भाषा नव्हती तिची ही पहिली अक्षरे होत. त्यांच्या बळावर खिळे आणि नाणी वेगळी ओळखता येऊ लागली, आणि शेतात, बागेत, पडक्या वाड्याच्या आवारात एका कंप्रतेचे यंत्र उत्तम काम देऊ लागले.

त्याची कोंडी झाली ती समुद्रकिनाऱ्यावर. ओल्या वाळूतले खारे पाणी हे स्वतःच एक दुबळे वाहक आहे. त्याचे उत्तर मातीसारखे तत्क्षणी येत नाही. ते अत्यंत पातळ धातूसारखे, विलंबाने येते. किनाऱ्यावर काळी, लोहयुक्त वाळूही असली म्हणजे यंत्रापुढे एकाच वेळी दोन गोंगाट उभे राहतात, आणि दोन वेगळ्या दिशांनी येतात. रत्नागिरीच्या परिसरात ज्यांनी इल्मेनाइटची काळी वाळू लाटांनी भिजताना पाहिली असेल, त्यांना ही जोडगोळी सहज डोळ्यांपुढे आणता येईल. एका कंप्रतेवर यंत्राला प्रत्येक क्षणी दोनच मापे हाती येतात : तत्क्षणी येणारा अंश आणि विलंबाने येणारा अंश. मातीसाठी एक माप सोडावे, खाऱ्या पाण्यासाठी दुसरे सोडावे, तर अंगठीसाठी काही उरतच नाही. येथे कारागिराचे कौशल्य कमी पडत नव्हते. अज्ञात राशी तीन आणि समीकरणे दोन, अशी ती गणिताचीच अडचण होती.

उपाय गणितानेच सुचविला. एकाऐवजी दोन कंप्रतांवर एकदम प्रश्न विचारला, तर मापे चार होतात. लोहयुक्त मातीचे उत्तर दोन्ही कंप्रतांवर जवळजवळ सारखेच असते. खाऱ्या पाण्याचे उत्तर कंप्रतेबरोबर वाढत जाते. दोन्ही मापे योग्य प्रमाणात एकमेकांतून वजा केली म्हणजे दोन्ही गोंगाट एकदम पुसले जातात, आणि तरीही धातूविषयी बोलावयास काही माहिती शिल्लक राहते. १९९१ साली छंदिष्टांच्या बाजारात हे तत्त्व दोन ठिकाणांहून अवतरले. फिशरच्याच नावाने चालणाऱ्या अमेरिकन कंपनीचे 'सीझेड-६' हे यंत्र ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन कंप्रतांवर एकाच वेळी चाले. ऑस्ट्रेलियातील मिनेलॅब या कंपनीच्या 'सॉव्हरिन'ने १.५ पासून २५.५ किलोहर्ट्झपर्यंत १७ कंप्रता वापरत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर कंप्रतांच्या संख्येची जणू स्पर्धा लागली. त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रांवर २८ हा आकडा झळकू लागला. २०१८ साली तिचे 'इक्विनॉक्स' विक्रीस आले आणि पूर्वी बड्या किमतीच्या यंत्रांत असणारी ही सोय मध्यम किमतीत मिळू लागली. आज अनेक नामवंत कंपन्या बहुकंप्रतेची यंत्रे बनवितात.

बहुकंप्रतेचा दुसरा लाभ ओळखीचा आहे. सोन्याची नाजूक साखळी उच्च कंप्रतेला चटकन उत्तर देते आणि नीच कंप्रतेवर जवळजवळ मुकी असते. चांदीचे वा तांब्याचे जाड नाणे नीच कंप्रतेवरही खणखणीत बोलते. एकाच माणसाशी दोन-तीन भाषांत बोलून पाहिले म्हणजे त्याचे गाव कोणते याचा अंदाज जसा अधिक नेमका बांधता येतो, तसेच हे आहे. एका कंप्रतेचे यंत्र ज्याला केवळ 'मध्यम प्रतीचा वाहक' म्हणेल, त्याच्याविषयी अनेक कंप्रतांचे यंत्र अधिक सावध अनुमान करू शकते.

परंतु या यंत्रांविषयी जी भाबडी भक्ती आढळते, तिला सीमा घातली पाहिजे. १७ वा २८ हा आकडा पाहून कोणी यंत्राची थोरवी मोजू नये. कंप्रता किती उमटविल्या, यापेक्षा त्यांतून परत आलेल्या मापांचा उपयोग कसा केला, हेच महत्त्वाचे. शिवाय बॅटरीची शक्ती एकच असते. ती अनेक सुरांत वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. खोलीच्या बाबतीत तर निसर्गाचा नियम फार कठोर आहे. वेटोळ्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि परतीचा प्रतिध्वनीही तसाच क्षीण होत येतो. म्हणून तेच नाणे दुप्पट खोल गेले, तर त्याचा आवाज सुमारे ६४ पटींनी मंदावतो. हा नियम कंप्रतांच्या संख्येने बदलत नाही. कोरड्या, निवळ मातीत एका कंप्रतेचे चांगले यंत्र आजही बहुकंप्रतेच्या खांद्याला खांदा लावून चालते. सोन्याचे राईएवढे कण वेचणारे लोक ७१ किलोहर्ट्झच्या एकाच उंच सुरावर चालणारे 'गोल्ड बग २' सारखे यंत्र मुद्दाम जवळ ठेवीत आले आहेत. विजेच्या तारांजवळ गोंगाट फार झाला की बहुकंप्रतेचे यंत्र बाळगणाराही पुष्कळदा खटका फिरवून एकच कंप्रता निवडतो. इक्विनॉक्ससारख्या यंत्रांत ही सोय ठेवलेलीच आहे. तेव्हा एक की अनेक, या वादाचे उत्तर यंत्रापेक्षा भूमीजवळ आहे. जेथे गोंगाट एकच, तेथे एक प्रश्न पुरतो. जेथे गोंगाट दोन, तेथे प्रश्नही वाढवावे लागतात.

आणि प्रश्न कितीही वाढविले तरी काही उत्तरे यंत्रापाशी नाहीतच. सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचे प्रतिध्वनी पुष्कळदा इतके सारखे असतात, की उत्तम यंत्रही फसते. त्याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील हॉक्सन या गावी एक माणूस शेतात हरवलेला हातोडा शोधीत असता रोमनकालीन सोन्याचांदीचा मोठा ठेवा त्याच्या यंत्राला लागला. पुढे त्यात सुमारे १५,००० नाणी निघाली. त्या माणसाचे थोरपण हे, की थोडे उकरल्यावर काय सापडले आहे हे ओळखून तो थांबला आणि त्याने वर्दी दिली. पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जागच्या जागी थरांनिशी उकलला, म्हणून कुजून गेलेल्या लाकडी पेटीची आणि तिच्यातल्या मांडणीची खूण हाती लागली. त्याने मोहाने सारे ओरबाडले असते, तर नाणी तेवढीच राहिली असती, पण ती पेटी आणि ती मांडणी कायमची नष्ट झाली असती. ब्रिटनमध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टने अशा वर्दीला नव्या कायद्याची शिस्त घातली. भारतात तर १८७८ सालापासून कायदा आहे, की जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळविले पाहिजे. संरक्षित स्मारकांच्या भूमीवर विनापरवाना उत्खनन करण्यास १९५८ च्या कायद्याने मनाई केली.

कायद्यामागचा विचार यंत्राच्या इतिहासातूनच उमगण्यासारखा आहे. बेलच्या यंत्राला धातू आहे एवढेच कळत होते. पुढच्या यंत्रांना तो कोणत्या जातीचा, हे कळू लागले. बहुकंप्रतेने ते भर गोंगाटातही कळू लागले. परंतु ते नाणे कोणाच्या हातून, कोणत्या भयाने, कशाच्या शेजारी आणि कोणत्या थरात ठेवले गेले, हे कोणत्याही कंप्रतेवर ऐकू येत नाही. तेथे यंत्र खाली ठेवावे लागते, आणि माती हलक्या हाताने उकलणाऱ्या जाणकाराची वाट पाहावी लागते.